एलिहिओ फ्रोमेताचं वय

एल ग्वायाबाल
३ नोव्हेंबर १९९६

चि. रादामेस यास अनेक आशीर्वाद.

मी तुझी आजी. तुझ्या आईची आई, तेलेस्फोरा. ओळख पटावी म्हणून सांगते, कारण तुझं मागचं पत्र ईस्टरला आलं होतं आणि पावसाळा संपायच्या आत पुढचं लिहितो असं तू त्यात म्हणाला होतास. पाऊस येऊन गेला, नदीचं पाणी उतरलं, शेजारच्या गाईला वासरू झालं. न्यूयॉर्कमध्ये पाऊस उशिरा संपत असेल अशी मी समजूत करून घेतली.

नेहमीसारखं मी बोलते आहे आणि एर्सिलियाबाई लिहितायत. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी त्यांची खोड गेलेली नाही. माझं वाक्य वाकडं गेलं की थांबतात आणि चष्म्यावरून बघतात. फोन कर म्हणून पुन्हा लिहू नकोस. फोन वाण्याच्या दुकानात आहे, मला त्यात ऐकू येत नाही, आणि दुकानात बसलेल्यांना मात्र सगळं ऐकू येतं.

तुझं पत्र चार पानी. माझ्या गुडघ्याची चौकशी दीड ओळ, बाकी सगळं रेमिहियाच्या मुलाबद्दल. एलिहिओचा जुन्या बेसबॉल संघाशी करार संपला, आता तो मोकळा आहे, हव्या त्या संघात जाऊ शकतो, आणि तुझा न्यूयॉर्कचा संघ त्याला सहा वर्षांसाठी घ्यायचं म्हणतोय, हे समजलं. आकडाही समजला. बाईंनी शून्यं दोनदा मोजली आणि पाणी प्यायल्या.

आता तुझ्या मागणीबद्दल. एलिहिओला सुईण म्हणून मीच जन्माला आणला, अमुक तारखेला आणला, असं लिहून खाली अंगठा उठवून पाठव, म्हणजे तो कागद सलूनच्या आरशाला चिकटवतो आणि तुझ्या त्या चागोचं तोंड बंद करतो, असं तू म्हणतोस. ते जमायचं नाही. कोणतं मूल पायाळू आलं, कोण गळ्यात नाळ गुंडाळून आलं, कोणाचा बाप बाहेर रडत होता, ते सगळं मला विचार. तारखा ठेवणं हे सरकारचं काम, माझं नाही. चागोचं तोंड बंद करायचं असेल तर त्याची दाढी करताना वस्तरा थोडा जास्त वेळ गळ्यावर धर.

गुडघा बरा आहे, विचारलंस म्हणून सांगते.

तुझ्या आठवणीत राहील तेवढी,
आजी

न्यूयॉर्क
१४ नोव्हेंबर १९९६

ती. आजीस,
सा. न. वि. वि. आशीर्वाद असावा.

चुकलो. तुझा टोमणा सलूनमध्ये वाचून दाखवला, सगळे हसले. चागो तर म्हणाला की या बाईला टॅक्सीत फुकट फिरवीन. तो पोर्तो रिकोचा, टॅक्सी चालवतो, आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्या सलूनमध्ये येऊन बसतो. म्हणजे रोजच.

आजी, तुला वाटतं तेवढी ही थट्टा नाही. महिनाभर इथे दुसरा विषय नाही. चागोचं म्हणणं, एलिहिओवर एवढी रक्कम उधळू नये. तिसऱ्या बेसला संघाचा स्वतःचा पोरगा आहे, स्वस्तात खेळतो, त्यालाच ठेवावं. मी म्हटलं, एलिहिओने यंदा एकोणतीस होमरन मारले, त्या पोराने सहा. त्यावर चागो म्हणाला, मारले खरे, पण धावतो कसा ते बघ. जिन्यावरून फ्रिज चढवत असल्यासारखा. तीस वर्षांच्या माणसाचे पाय असे नसतात, हा माणूस तीसचा असेल तर मी अजून शाळेत आहे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

मग माझं डोकं सटकलं. मी ओरडून सांगितलं की त्याच्या आईचं बाळंतपण माझ्या आजीने केलंय, एल ग्वायाबालमध्ये जाऊन तिला विचारा. तेव्हा माझ्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला एक माणूस होता. तो बातमीदार निघाला. दुसऱ्या दिवशी आपल्या स्पॅनिश पेपरात चौकट आली, तुझ्या नावासकट. मी ती कापून आरशाला लावली आहे.

त्यानंतर संघाच्या कचेरीतून सलूनमध्ये फोन आला. माणूस फार नम्रपणे बोलला. गाव कुठे, म्हणून विचारलं. मी सगळी वाट सांगितली, साखर कारखान्यापाशी कुठे वळायचं तेही. तेव्हा कोणी भेटायला आलं तर घाबरू नकोस. निळा झगा घाल.

इथे येऊन अकरा वर्षं झाली. गाव कोणतं असं कोणी विचारलं की मी राजधानीचं नाव सांगतो, कारण आपलं नाव सांगून उपयोग नसतो. एलिहिओ आला तर रोज संध्याकाळी रेडिओवर एल ग्वायाबालचं नाव घेतलं जाईल. मला एवढंच हवं आहे. तारीख द्यायला तू का कां-कूं करतेस ते मात्र कळलं नाही.

पायावर डोकं ठेवतो.
तुझा
रादामेस

एल ग्वायाबाल
२८ नोव्हेंबर १९९६

चि. रादामेस यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने न पाठवता तिकडे निघालेल्या माणसाच्या हाती देते आहे. वाचून झालं की फाडून टाक, आरशाला लावू नकोस. एर्सिलियाबाईंना यातलं काहीच नवीन नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांना ठाऊक आहे. तुला ठाऊक नाही, कारण त्या वेळी तू पंधरा वर्षांचा होतास आणि तुला चेंडूपलीकडे काही दिसत नव्हतं.

रेमिहियाला दोन मुलगे झाले. थोरला निकानोर. अमेरिकेचे ग्रिंगो सैनिक देशात उतरले त्याच्या आदल्याच्या आदल्या वर्षीचा. सैनिक आले तेव्हा तो दुडुदुडु चालत होता. एका सैनिकाने दिलेलं च्युइंगम त्याने गिळून टाकलं आणि रेमिहियाने दोन दिवस मला त्याचं पोट चोळायला बसवलं. धाकटा एलिहिओ. सैनिक परत गेले त्या महिन्यात आला.

थोरल्याची नोंद बापाने केलीच नव्हती. धाकट्याच्या वेळी त्याला हौस आली आणि तो मला घेऊन कचेरीत गेला. तेव्हा सुईणीचा अंगठा घेतल्याशिवाय कारकून जन्माची नोंद करत नसे. मी अंगठा उठवला. एलिहिओ चाळीस दिवस जगला. तो गेला हे कळवायला मात्र कोणी कचेरीत गेलं नाही. ऊसतोडणी चालू होती, आणि पोर गेल्याचं सांगायला दिवसभराची मजुरी कोण बुडवणार. त्यामुळे घरातून तो गेला, पण सरकारी वहीत तो जगत राहिला आणि दर वर्षी एकेक वर्षाने मोठा होत गेला.

मग अमेरिकेतून पोरं हेरणारा तो माणूस आला. त्याने निकानोरची बॅट बघितली आणि वय विचारलं. विसाव्याला टेकलेला, असं ऐकल्यावर त्याने टोपी घातली. म्हणाला, सतराचा असता तर आज संध्याकाळी सही केली असती, विसाव्या वर्षी कोणी विचारत नाही. रेमिहिया घरात गेली आणि तिने पेटी उघडली. घरात एकच कागद होता, धाकट्याच्या जन्माचा, आणि त्यावरचं वय सतरा होतं. तुम्ही पोरं तर त्याला फ्लाकोच म्हणायचात, त्यामुळे कागदावर कुठलं नाव आहे याची तुम्हाला फिकीर नव्हती. आम्हाला होती. पण आम्हाला कोणी विचारलं नाही, म्हणून आम्ही सांगितलं नाही. तेरा वर्षं झाली.

आता तुझ्या तोंडाच्या कृपेने विचारायला येतायत. संघाचा माणूस पुढच्या शुक्रवारी यायचा आहे, तसा पाद्रीबाबांकडे निरोप आलाय. तो कचेरीतल्या कागदाची नक्कल आणणार आणि विचारणार, हा अंगठा तुमचा का. माझाच आहे. या तारखेला रेमिहियाच्या पोटी एलिहिओ जन्मला का. जन्मला. एकही शब्द खोटा न बोलता मी त्याला फसवून परत पाठवू शकते, आणि तेच मला सोसवत नाही. चाळीस वर्षं या हातांनी मुलं घेतली. कुठलं कोणाचं आणि कधीचं यात मी कधी फिरवाफिरव केली नाही. लोक मला बोलावत ते त्यासाठीच.

रेमिहियाला अजून काही बोलले नाही. रोज सकाळी आम्ही दोघी एकत्र कॉफी घेतो. हल्ली ती साखर घालते आणि माझ्याकडे बघत नाही.

तुझं डोकं ठिकाणावर राहो.
आजी

न्यूयॉर्क
४ डिसेंबर १९९६

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं, मग फाडलं. पेपरातली चौकटही काढून टाकली. चागोने विचारलं तर काच पुसायची होती असं सांगितलं.

आता सगळं आठवतंय. माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा फ्लाकोला मिसरूड होतं. मी कधी हिशेबच केला नाही.

मी दोन दिवस फक्त संघाचा विचार केला, हे तुझ्यापासून लपवत नाही. तो तेहतीसचा असेल तर सहा वर्षांनी एकोणचाळीसचा होईल. तिसऱ्या बेसवर त्याला खुर्ची टाकून द्यावी लागेल. तीन वर्षांसाठी घेतला तर सोनं, सहा वर्षांसाठी घेतला तर आपण बुडालो. म्हणजे चागो बरोबर होता, आणि हे मला त्याला सांगताही येत नाही. तो समोर बसून पाय, पाय, असं बडबडतो आणि मी मुकाट्याने केस कापतो. काल एकाचे जास्तच कापले गेले.

तरीही माझं म्हणणं ऐक. अंगठा तुझा का म्हणून विचारतील, तेवढ्याला हो म्हण आणि गप्प बस. ते खरंच आहे. संघाकडे पैसा भरपूर आहे, त्यांचं काही अडत नाही. फ्लाकोने रेमिहियामावशीला पक्कं घर बांधून दिलं, शाळेवर पत्रे घातले. हे कळलं तर कोणताच संघ त्याला हात लावणार नाही, आणि गावात लोक म्हणतील की तेलेस्फोराच्या नातवाने केलं.

पायावर डोकं ठेवतो.
रादामेस

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. वरचं मी माझ्या भीतीपोटी लिहिलं. तोंड मी उघडलं, आता तुला काय बोलायचं ते शिकवायचा मला अधिकार नाही. तुला झोप लागेल तसं कर.

एल ग्वायाबाल
१९ डिसेंबर १९९६

चि. रादामेस यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवार उलटून गेल्यावर मिळालं, त्यामुळे तुझा पहिला सल्लाही वाया गेला आणि दुसराही. पण ता. क. बाईंकडून दोनदा वाचून घेतला.

संघाचा माणूस वेळेवर आला. इस्त्रीचा सदरा, बूट चिखलाने भरलेले. कारखान्यापाशी चुकीच्या बाजूला वळला होता, तेव्हा वाट सांगण्यातही तुझा हात धरणारा कोणी नाही. त्याने कागद पुढे केला. माझा अंगठा मी लगेच ओळखला. कोयत्याची जुनी खूण आहे त्यात. मी त्याला म्हटलं की अंगठा माझा आहे, बाकीचं सोमवारी विचार. चाळीस वर्षांतल्या बायकांची पोटं आठवायला म्हातारीला दोन दिवस लागतात, असं सांगितल्यावर तो कॉफी पिऊन गेला.

मग मी रेमिहियाकडे गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी बसले आणि सोलू लागले. तिने आधीच ओळखलं होतं. मला वाटलं होतं की घर जाईल, पैसा जाईल, असं काही म्हणेल. ती म्हणाली की धाकट्याला कोणी पाहिलंच नव्हतं. चाळीस दिवसांचं पोर, तू पाहिलंस, मी पाहिलं, बापाने पाहिलं. बाप तर गेला. आणि आता तेरा वर्षं रेडिओ लावला की चाळीस हजार माणसं एलिहिओ, एलिहिओ ओरडतात. थोरला बॅट घेऊन उभा असतो आणि धाकट्याला हाका मारतात, मला दोघं ऐकू येतात. तू नाव काढून घेतलंस तर तो माझ्या हातातून दुसऱ्यांदा जाईल.

आम्ही टोपली संपेपर्यंत शेंगा सोलल्या.

तिच्या मुलाला मी निरोप पाठवला. हिवाळ्यात तो इथेच असतो. रविवारी आला आणि दाराच्या चौकटीखाली वाकून आत शिरला. मी त्याला निकानोर म्हणून हाक मारली. तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, बाप गेल्यापासून या नावाने कोणी हाक मारलेली नाही, आईसुद्धा नाही. मी त्याला संघाच्या माणसाबद्दल सांगितलं आणि हेही सांगितलं की मी खोटं बोलणार नाही, पण तुझ्याआधी तोंडही उघडणार नाही. रागावेल असं वाटलं होतं. तो खाली बसला आणि गुडघा पुढे करून चोळत राहिला. म्हणाला, संघाचा डॉक्टर मला तीस वर्षांच्या माणसासारखा पळवतो. कुठे दुखतं ते सांगताना मी आधी तीन वर्षं वजा करतो. थकलोय, माय.

रेमिहिया बाहेर उभी होती. तिने ते ऐकलं आणि घरी गेली.

सोमवारी त्याने त्या माणसाला स्वतः सगळं सांगितलं. धाकटं कुठे पुरलंय ते दाखवायला घेऊनही गेला. तिथे दगडाखेरीज काही नाही. सरकारी वहीत जिवंत असलेल्या पोराचा क्रूस कसा करणार. शेवटी त्या माणसाने सगळं लिहून काढलं, बाईंनी मला वाचून दाखवलं आणि मी खाली अंगठा उठवला. जाताना तो म्हणाला की सहा वर्षांचा करार आता होणं नाही, आणि कोणी दुसरा करार करेल का तेही सांगता येत नाही.

रेमिहिया कॉफीला येत नाही. मी अजून दोन पेले भरते, मग दुसराही मीच पिते, आणि मग दिवसभर छाती धडधडते.

नाताळ सुखाचा जावो. गळ्याला काही गुंडाळत जा.
आजी

न्यूयॉर्क
२ फेब्रुवारी १९९७

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बातमी तुला रेडिओवरून कळली असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. डिसेंबरभर कोणताच संघ त्याचं नाव घेत नव्हता. पेपरांनी फार वाईट लिहिलं. वकिलांनी कागद दुरुस्त करायला घेतले. सलूनमध्ये मी एकदा सगळ्यांसमोर उभा राहून चागोला म्हटलं की तुझं खरं होतं. तो मिरवेल अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, थांब, मला आता विचार करायचाय.

दोन दिवसांनी आला तो उलट बाजूने. म्हणे, तेहतिसाव्या वर्षी, तीस वर्षांच्या माणसाइतका पळवला जात असताना, दुखणं लपवून ज्याने एकोणतीस होमरन मारले, त्याच्या गुडघ्याला योग्य औषध मिळालं तर तो काय करेल. घ्या त्याला, दोन वर्षांसाठी घ्या. आजी, मी चिडून विरुद्ध बाजू घेतली. महिनाभर मी नको म्हणत होतो आणि तो घ्या म्हणत होता. गिऱ्हाइकं गोंधळून गेली.

काल संघाने सही केली. दोन वर्षं, आधीच्या आकड्याच्या सहाव्या हिश्शाहून कमी. तो बातमीदारांसमोर आला आणि पहिलं वाक्य हेच बोलला की माझं नाव निकानोर. मग गावाचं नाव सांगितलं. रेडिओवाल्याने ते चुकीचं उच्चारलं, पण उच्चारलं.

रेमिहियामावशीला एक सांगशील? इथे खेळाडूंच्या सदऱ्याच्या पाठीवर फक्त आडनाव असतं. फ्रोमेता. ते दोघांचंही आहे.

आशीर्वाद असावा.
रादामेस

एल ग्वायाबाल
९ मार्च १९९७

चि. रादामेस यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मी रेमिहियाच्या कुंपणाबाहेर उभी राहून सांगितला, कारण तिने आत बोलावलं नाही. ती झाडत होती. झाडता झाडता थांबली, आडनाव पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि परत झाडू लागली. ती कॉफीला नाही आली. मी घरी आले.

मागच्या आठवड्यात आम्हाला तिघांना कचेरीत जावं लागलं. ती, निकानोर आणि मी. थोरल्याचा जन्म आणि धाकट्याचा मृत्यू एकाच दिवशी नोंदवायचे होते. कारकून तरुण होता. तीस वर्षं उशीर का झाला असं त्याने विचारलं. रेमिहियाने सांगितलं की ऊसतोडणी चालू होती. त्याने शिक्का मारला. परत येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मध्ये पिशवी ठेवली होती, पण शेजारी बसली.

काल क्रूस बसवला. लाकडाचा, पांढरा, त्यावर नाव रंगवलंय. रेमिहियाला वाचता येत नाही, मलाही नाही, म्हणून बाईंनी मोठ्याने वाचलं, एलिहिओ फ्रोमेता, आणि खालच्या दोन तारखाही वाचल्या. निकानोर सरावासाठी फ्लोरिडात आहे, त्याला येता आलं नाही. आज सकाळी ती आली, पेला घेतला, साखर घातली आणि म्हणाली की तुझी कॉफी पहिल्यापासून पाणचट आहे. तीस वर्षांत कधी बोलली नव्हती. मी ऐकून घेतलं.

ती चूल पेटवायचं ठरवूनच आली होती. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आहेत, घेवड्याच्या खिरीचं पातेलं दर वर्षी आम्ही मिळून चढवतो आणि गावात वाटतो. यंदा तिला दोन पातेली करायची आहेत. एक निकानोरच्या नावाने आणि एक एलिहिओच्या नावाने, आणि दोन्ही सारखीच भरलेली हवीत, असं तिने बजावलंय. घेवडा, रताळी आणि नारळ गावात आहेत. मनुका इथे मिळतात त्या दगडासारख्या. पवित्र आठवड्याच्या आधी येणाऱ्या माणसाबरोबर काळ्या मनुकांची चार पाकिटं पाठव, बिनबियांच्या, आणि गोड दुधाचे आठ डबे.

आजी